घारीच्या पायाखालची जमीन

साइटवर सगळे तिला घार म्हणत. हे नाव मामांनी ठेवलं. मामा म्हणजे तिथले सगळ्यात जुने क्रेन ऑपरेटर. ती आधी साइटच्या ऑफिसात टायपिंग करायची. एकदा मामा चष्मा खालीच विसरून वर गेले, आणि तो द्यायला ही पोरगी टॉवर क्रेनची शिडी चढून थेट केबिनपर्यंत पोहोचली. वर गेली ती खाली यायचं नावच घेईना. काचेला नाक लावून खालची माणसं, ट्रक, वाळूचे ढीग बघत बसली. "उतर आता, घारे," मामा म्हणाले, आणि तेव्हापासून तिचं खरं नाव फक्त हजेरीपुरतं उरलं.

मामांनीच तिला शिकवलं. पुढे लग्न झालं, लेक झाली, तरी तिनं केबिन सोडली नाही. नवरा शाळेची बस चालवायचा. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमच्याकडे एक जण रस्त्यावर चालवतो, एक जण हवेत चालवते. पायी चालणारी मी एकटीच." म्हणायच्या कुरकुरत, पण रस्त्यानं जाताना कुठे उंच क्रेन दिसली की पदर सावरून थांबायच्या आणि बरोबरच्या बाईला बोट दाखवून म्हणायच्या, "असल्या खेळण्यावर आमची सून बसते."

जवळजवळ वीस वर्षं ती त्या उंचीवर बसली. वाऱ्यानं केबिन हलायची, जोराचा झोत आला की झोपाळ्यासारखी झुलायची. तिला त्याचं काही वाटत नसे. तिचं अंग आपोआप त्या हलण्याबरोबर हलायचं, दुसऱ्या बाजूनं सावरायचं. अंग हे करतंय याचा तिला पत्ताही नसायचा.

मग तो दिवस आला. आधीचा आठवडा ती सर्दीतापानं अंथरुणाला खिळलेली होती. ताप उतरला म्हणून कामावर आली. ऊन स्वच्छ होतं, वारा जेमतेम. हुकाला सळयांचा भारा होता आणि तो तिला अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या गच्चीवर टेकवायचा होता. गच्चीवर सिग्नलमन उभा होता. तो हातानं खुणा करायचा, शिवाय गळ्यात शिट्टी असायची, म्हणून सगळे त्याला शिट्टी म्हणायचे. शिट्टीनं हात आडवा केला, "हळू" असा. तिनं बघायला मान वळवली.

आणि जग डावीकडे ओढलं गेलं.

कुणी टेबलावरची चादर खसकन ओढावी तसं. इमारत, आकाश, शिट्टी, सगळं डावीकडे सरकलं, परत जागेवर आलं, परत सरकलं. थांबेचना. तिला वाटलं, क्रेन उलथली. पोटातलं सगळं घशाशी आलं. कुठून तरी शिट्टी वाजल्याचं ऐकू आलं, लांबच लांब, कर्कश. तिनं चाचपडत लाल बटण शोधलं आणि त्यावर तळहात आदळला. क्रेन थांबली. पण तोवर भारा झोका खाऊन परांचीला धडकला होता. फळ्या कोसळल्या, शिट्टीनं बाजूला उडी घेतली आणि त्याचं खांद्याजवळचं हाड मोडलं. जीव वाचला.

तिला पट्ट्यांनी बांधून खाली उतरवलं तेव्हा तिचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि ती एकच विचारत होती, "खाली कोण मेलं? खरं सांगा, कोण मेलं?"

कानाच्या डॉक्टरांनी निदान केलं. तापाच्या विषाणूनं आतल्या कानाच्या नसेला सूज आली होती. माणसाचा तोल सांभाळणारा अवयव तिथेच असतो. "बरं होईल," ते म्हणाले, आणि झालंही. गरगरणं थांबलं. पुन्हा तपासण्या झाल्या. कान ठणठणीत.

पण जमीन हलायची थांबली नव्हती.

हे कसं सांगायचं ते तिला कळत नव्हतं. चक्कर नव्हती ती. स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहिली की पायाखालची फरशी पाण्यावर तरंगणाऱ्या फळीसारखी वाटायची. बारीक, सतत, कधी न थांबणारं हलणं. डोकं धुताना डोळे मिटले की छातीत धस्स व्हायचं, आणि साबण डोळ्यांत गेला तरी ती डोळे उघडे ठेवायची. मोठ्या दुकानात दोन्हीकडे डब्यांच्या उंच रांगा असल्या की त्या रांगा तिच्या अंगावर वाकायला लागायच्या. एकदा ती तिथे ढकलगाडीचा दांडा धरून इतका वेळ उभी राहिली की लेकीनं हळूच तिची बोटं एकेक करून सोडवली.  घरी आल्यावर ती बापाला म्हणाली, "आईचे हात बर्फासारखे गार पडले होते."

रिपोर्ट मात्र सगळे चांगले. आणि तिला खरी धडकी भरली होती ती त्याचीच. रोग असला तर औषध असतं. काहीच नसेल तर? डोकं फिरलंय का आपलं? सासूबाई देवासमोर हात जोडून पुटपुटायच्या, नवरा म्हणायचा, "मनावर घेऊ नकोस." ती मान हलवायची आणि भिंतीला टेकून उभी राहायची.

एका संध्याकाळी शिट्टी घरी आला. हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात फळांची पिशवी.  तो शिव्या घालील, रडेल, काहीतरी करील, असं तिला वाटलं होतं. तो चहा प्यायला, सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी केली आणि जाताना म्हणाला, "परत कधी येताय ताई? नवा ऑपरेटर भारी आडमुठा आहे. खुणा बघतच नाही."

दार लागल्यावर ती तशीच दाराला टेकून राहिली. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो तिची वाट बघत होता. परत तिच्या भाऱ्याखाली उभं राहायला तयार होता.

कानाच्या डॉक्टरांनीच शेवटी दुसरा रस्ता सांगितला. "विद्यापीठात एक बाई आहेत. डॉक्टर नाहीत, गणिताच्या प्राध्यापक आहेत. माणूस उभा कसा राहतो, याचं त्या गणित मांडतात. दाखवून तर या."

"उभं राहायला गणित लागतं?" सासूबाई म्हणाल्या. "मग मी जन्मभर कॉपी करूनच उभी राहिले म्हणायची."

प्रयोगशाळा तळमजल्यावर होती, एवढंच तिला बरं वाटलं. खोलीच्या मध्यभागी तीन बाजूंनी बंद अशी एक खोपी होती. तिच्या भिंतींवर काळे ठिपके रंगवलेले. खाली लोखंडी पाट, वरून लोंबणारे सुरक्षेचे पट्टे. प्राध्यापकबाई तिच्याच वयाच्या, अनवाणी, केसांत पेन खोचून विसरलेल्या. त्यांनी पट्टे बांधायला घेतले. घारीनं असले पट्टे रोज घातले होते. पण बक्कल कटकन लागल्याबरोबर तिला केबिनमधून उतरवलं तो दिवस आठवला.

"ताई, आता समोरची भिंत थोडी हलेल. तुम्ही फक्त उभ्या राहा."

भिंत हलली ती इंचभरसुद्धा नसेल. घारीला वाटलं, सगळी खोली पालथी होतेय. ती किंचाळली, पट्ट्यांना लोंबकळली आणि लहान पोरासारखी "बंद करा, बंद करा" म्हणत राहिली. भिंत थांबली. प्राध्यापकबाईंनी तिला खाली बसवलं, पाणी दिलं. त्यांचाही चेहरा उतरला होता.

"तुम्ही नाटक करत नाही आहात, हे मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

घारीनं वर पाहिलं. हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं, आणि नाटक हा शब्द तिच्या मनात किती खोल रुतला होता ते तिला तेव्हाच कळलं.

त्यानंतर ती बऱ्याचदा तिथे गेली. नवरा बसची फेरी संपवून तिला सोडायचा आणि बाहेर बाकावर पेपर वाचत बसायचा. पाट तिचं वजन कसं पुढे-मागे सरकतं ते मोजायचा, घोट्यांना चिकटवलेल्या बारीक तारा स्नायू किती ताठ आहेत ते सांगायच्या. एक दिवस प्राध्यापकबाईंनी तिला पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर रेघांचा एक माणूस होता. गोल डोकं, काडीचं अंग, काडीचे पाय.

"हा काडीपैलवान कोण?" घारीनं विचारलं.

"तुम्ही."

तिला हसू आलं. मग आलं नाही.

"बघा," प्राध्यापकबाई म्हणाल्या, "मेंदू, शरीर आणि भोवतालचं जग, या तिघांचं आम्ही एकत्र गणित मांडतो. वेगवेगळं मांडून उपयोग नाही, कारण प्रत्येकाचा धक्का दुसऱ्याला लागतो. आपण सरळ उभे आहोत का, हे मेंदूला तिघं जण सांगतात. कान, डोळे आणि तळपाय. कुणाचं किती ऐकायचं ते मेंदू ठरवतो. तुमचा कान त्या दिवशी खोटं बोलला. मेंदूनं त्याच्यावरचा भरवसा काढून घेतला. तेव्हा ते शहाणपणाचंच होतं. आता कान बरा झालाय, खरं बोलतोय, पण मेंदू अजून त्याला दारात उभं करत नाही. सगळा भार डोळ्यांवर टाकलाय. म्हणून भिंत जराशी हलली तरी तुम्हाला वाटतं की आपणच पडलो."

"आणि जमीन? ती का हलते?"

प्राध्यापकबाईंनी पडद्यावरचा एक आकडा वाढवला. "ही भीती. भीती घोट्यांत उतरते. घोटे ताठ झाले की अंग मोकळेपणानं डुलत नाही, बारीक आणि भरभर थरथरतं. मेंदू ती थरथर वाचतो आणि म्हणतो, बघ, काहीतरी हलतंय. मग आणखी भीती, आणखी ताठ, आणखी थरथर."

पडद्यावरचा काडीपैलवान कडक झाला आणि थरथरू लागला. बाहेरून बघणाऱ्याला जेमतेम दिसेल इतकंच.  तेच होतं ते. ओट्यापाशी, न्हाणीघरात, दुकानात, सगळीकडे तिच्या पायाखाली होतं ते हेच. रिपोर्टात न दिसलेलं, नवऱ्याला न समजलेलं, आणि ते आता एका काचेमागे चालू होतं. बाईंनी आकडा वाढवला की काचेमागची ती थरथरत होती. तिला वाटलं, उठून तो पडदा झाकावा.

"हा पडेल?" तिनं विचारलं.

"कितीही वेळ चालू ठेवला तरी पडत नाही. त्याला सतत वाटतं की आपण पडतोय, एवढंच."

"पडला असता तर बरं झालं असतं," घार म्हणाली. "पडणं निदान संपतं तरी."

प्राध्यापकबाईंनी पडदा बंद केला.  घरी कुणालाही न सांगितलेली गोष्ट तिनं त्या अनवाणी बाईला सांगितली. त्या दिवशी आपला हात क्रेन चालवायच्या दांड्यावरून लगेच का सुटला नाही, हे तिला आठवत नव्हतं. सोडला असता तर क्रेन तिथल्या तिथे थांबली असती. "मी धरून ठेवला. का धरला? मी मुद्दाम नाही ना केलं?"

"पडतोय असं वाटलं की माणूस हातात असेल ते आवळतो," प्राध्यापकबाई म्हणाल्या. "विचार करायच्या आधीच. झाडावरून घसरणारं पोर फांदी आवळतं तसं. पण तुमच्याबाबत मी शपथेवर सांगू शकत नाही. मी तिथे नव्हते."

शपथ घेतली नाही, म्हणूनच घारीला ते पटलं.

मग त्यांनी ती गोष्ट काढली जिच्या नुसत्या विचारानं घारीची झोप उडाली. त्यांच्या गणितात क्रेनची केबिन घातली, तिचं झुलणं घातलं, तर काडीपैलवानाची थरथर कमी होत होती. वर जमीन खरंच हलते, त्यामुळे कान, डोळे, पाय तिघं एकच बातमी आणतात. तिथे कानावर भरवसा ठेवणं मेंदूला सोपं जाईल. "मला तिथलं मोजमाप हवंय. तुम्ही चालवायचं नाही, नुसतं बसायचं. पण नको वाटलं तर नाही म्हणा. मी पुन्हा विचारणार नाही."

घरी सासूबाई भडकल्या. "कागदावरचा माणूस पडला तर खोडरबरानं पुसता येतो. माझी सून पुसायची का?"  रात्री जेवताना नवरा एवढंच म्हणाला, "तू जाणार असशील तर मी शिडीखाली उभा राहीन."

तिनं होकार कशासाठी दिला ते तिला नीटसं सांगता आलं नसतं. धैर्य वगैरे काही नव्हतं. ओट्यापाशी रोज थोडं थोडं मरण्याचा तिला वीट आला होता.

सुट्टीच्या दिवशी सकाळी साइट रिकामी होती. मामा आधीच वर जाऊन बसले होते. घारीच्या घोट्यांना तारा चिकटवल्या, कमरेला छोटा डबीएवढा यंत्राचा ठोकळा आणि वॉकीटॉकी बांधली, पट्टा शिडीच्या दोरीला अडकवला. प्राध्यापकबाई खाली पडदा घेऊन, हातात दुसरी वॉकीटॉकी. त्यांनी वर नुसतं पाहिलं आणि पटकन मान खाली घातली. "मला स्टुलावर चढायचीसुद्धा भीती वाटते," त्या पुटपुटल्या.

शिडी मनोऱ्याच्या आतून जाते. ठरावीक उंचीवर टेकायला जाळीचा कट्टा असतो. पहिल्या दोन कट्ट्यांपर्यंत ती नुसत्या सवयीनं चढली. तिसऱ्यावर तिनं चूक केली. पायाखालच्या जाळीतून खाली पाहिलं. नवऱ्याचा वर केलेला चेहरा बशीएवढा दिसत होता. तो चेहरा डावीकडे सरकला.

तिनं शिडीचा दांडा दोन्ही हातांनी कवटाळला, कपाळ लोखंडाला टेकवलं. पाचावर धारण बसली म्हणतात ती अशी. वर जाववेना, खाली उतरवेना. दात वाजत होते आणि तो आवाज तिला लोखंडातून ऐकू येत होता. आता इथेच, असं तिला वाटलं. आता हात सुटणार. वॉकीटॉकीवर प्राध्यापकबाई घाबऱ्याघुबऱ्या म्हणत होत्या, "ताई, उतरा. बास झालं. उतरा."

उतरायचं म्हणजे खाली बघायचं.

वरून मामांचा आवाज आला. "घारे, तिथेच बिऱ्हाड करायचं असेल तर कर. पण मला घरी जायचंय, आणि वाट एकच आहे. तुझ्या डोक्यावर पाय देऊन उतरेन हां."

तिच्या तोंडून रडण्यासारखा हसण्याचा आवाज निघाला. एक हात सुटला. तो वरच्या दांडीवर गेला. मग दुसरा. डोळ्यांसमोर फक्त पुढची दांडी ठेवून ती चढत राहिली, आणि केबिनचं दार आल्यावर आत कोसळल्यासारखी मामांच्या मागच्या छोट्या बाकावर बसली. घामानं निथळत होती.

केबिन नेहमीसारखी हलत होती. हळू, एका बाजूला, मग दुसऱ्या. ती दोन्ही हातांनी बाक धरून पुढच्या भोवळीची वाट बघत बसली. वाट बघता बघता तिच्या ध्यानात आलं की पावलं जमिनीवर सपाट टेकलीत. बोटं आवळलेली नाहीत.

"ताई," खालून आवाज आला, "घोटे सैल झालेत."

तिनं उत्तर दिलं नाही. बोललं की ते जाईल, अशी तिला भीती वाटली.

आणि मग वारा आला. कुठून आला ते दोघांनाही कळलं नाही. पलीकडच्या बाजूनं धुळीचा लोट उठला, जोराच्या वाऱ्याचा इशारा देणारा भोंगा कर्कश वाजायला लागला. मामांनी क्रेनच्या वळण्याचा ब्रेक सैल केला, कारण असल्या वाऱ्यात क्रेनचा आडवा हात अडवून धरायचा नसतो. तो वाऱ्याबरोबर फिरू द्यायचा असतो, नाहीतर सगळी क्रेन उलथते. शिडीवर जाणं आता शक्य नव्हतं. आडवा हात कण्हत फिरायला लागला. त्याबरोबर केबिन फिरली. इमारत, आकाश, धूळ, सगळं डावीकडे.

"आलं!" घार ओरडली. "मामा, परत आलं! धरा मला!"

तिनं डोळे मिटले, आणि मिटल्यावर ते जास्तच फिरलं.  लेकीचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, तो येईना. कुणाचा तरी हात तिच्या मनगटावर पडला, आणि तोही कापत होता. तिनं डोळे उघडले. मामांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते डावीकडे कलले होते. आणि ती कलली होती तितकेच कलले होते.

"मामा, तुम्हालाही फिरतंय?"

"फिरतंय म्हणजे?" मामा खेकसले. "अगं बाई, अख्खी क्रेन फिरतेय! डोळे नाहीत का तुला?"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिच्याबरोबर दुसरं कुणीतरी हलत होतं. भीती काही कमी झाली नाही. उलट आता खरंच घाबरण्यासारखं होतं. पण ही भीती तिच्या एकटीची नव्हती, ती केबिनच्या बाहेरून येत होती. तिनं मामांचा हात धरला. झोत आला की दोघं एकदम कलायची, ओसरला की एकदम सावरायची. मामा तोंडानं देवाचं नाव घेत होते आणि मधूनच वाऱ्याला शिव्या देत होते. वारा पडेपर्यंत दोघं तशीच बसून राहिली.

उतरताना ती थांबली नाही. खाली नवरा दोन्ही हात पुढे करून उभा होता, प्राध्यापकबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "उत्तम आलंय, ताई, गणितात होतं अगदी तस्संच," त्या म्हणत होत्या. घारीनं शिडी सोडली, चार पावलं टाकली, आणि पाचव्याला जमीन तिच्या तोंडावर आली.

ती सरळ पडली. ओठ फाटला, कोपर सोलपटलं. आजारपण सुरू झाल्यापासून ती एकदाही पडली नव्हती, आणि पडली ती आता, सपाट जमिनीवर, उजेडात, सगळ्यांसमोर.

त्यानंतरचे दिवस सगळ्यात वाईट गेले. काडीपैलवान कधीच पडत नाही, हा एकच आधार तिनं मनात धरला होता, तोही गेला. ती खाटेवरून उठेना. न्हाणीघरात जायलाही लेकीचा खांदा लागायचा. नवऱ्यानं शाळेकडून रजा घेतली. सासूबाईंचे विनोद बंद झाले, आणि घरातली ती शांतता घारीला भोंग्यापेक्षा भयानक वाटत होती.

प्राध्यापकबाई घरी आल्या. सासूबाईंनी दार अर्धंच उघडलं.

"मी चुकले," त्या उंबऱ्यापलीकडूनच म्हणाल्या. "वर गेल्यावर काय होईल ते मांडलं. खाली आल्यावर काय, ते मी धरलंच नव्हतं. अंगाला वरच्या हलण्याची सवय लागली होती आणि जमीन एकदम थांबली. बोटीतून उतरणाऱ्यांचं होतं तसं. लक्षात यायला हवं होतं."

सासूबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आत या. पायात चप्पल तरी घालत जा." चहा टाकला आणि समोर बसून उलटतपासणी घेतली. "आता परत काही राहिलंय का धरायचं?"

"असेलच," प्राध्यापकबाई म्हणाल्या. "ते मला आधी कळणार नाही."

घार आतल्या खोलीतून ऐकत होती. तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. तिनं हाक मारली, "बाई, आत या. मला उठवा."

तिथून पुढचं काम संथ आणि कंटाळवाणं होतं. जाड गादीवर उभं राहायचं, डोळे मिटायचे, लेक कमरेला धरणार. मान वळवत चालायचं. दुकानातल्या त्या उंच रांगांमधून ढकलगाडी न धरता जायचं, अर्ध्यातून परत यायचं, पुन्हा जायचं. गादीवर लेकही तिच्यासमोर डोळे मिटून उभी राहायची, आणि दोघी डुलायला लागल्या की सासूबाई म्हणायच्या, "घरात दारू येत नाही म्हणून बरं, नाहीतर लोकांनी काय म्हटलं असतं!" ते ऐकून घारीला जरा धीर आला. म्हातारी बोलायला लागली होती.

ऋतू पालटल्यावर ती कामावर गेली. त्या क्रेनवर नाही, दुसऱ्या साइटवरच्या बुटक्या क्रेनवर. शिट्टी तिथे नव्हता. हाड जुळलं होतं, पण डोक्यावर भारा आला की त्याचे पाय जागचे हलेनात, म्हणून त्यानं गोदामात बदली मागून घेतली होती. हे त्यानं तिला स्वतः सांगितलं, मान खाली घालून. तिनं त्याला समजावलं नाही. ती म्हणाली, "माझेही पाय असेच होतात." 

पहिल्या दिवशी तिनं विटांची पेटी उचलली आणि टेकवली. एवढंच केलं. मग हात दांड्यांपासून दूर, मांडीवर ठेवून बसली. उतरल्यावर शिडीला पाठ लावून उभी राहिली, जमीन जागेवर येईस्तोवर. आता ती रोजच तसं करते. शिडीच्या पहिल्या दांडीला अजून भीती वाटते. काही दिवस जास्त, काही दिवस कमी.

मध्यंतरी प्राध्यापकबाईंनी तिला बोलावलं. एक शाळामास्तर आले होते. फळ्याकडे तोंड केलं की त्यांना भिंत अंगावर आल्यासारखी वाटायची. खोपीत पाऊल ठेवायला तयार नव्हते. बाकावर बसून रुमाल पिळत होते.

"तुम्हाला झालं होतं का हो हे?" त्यांनी तिला विचारलं. "गेलं का सगळं?"

तिला खोटं बोलायचा मोह झाला. "सगळं नाही गेलं, मास्तर," ती म्हणाली.

मास्तरांनी रुमाल खिशात टाकला. मग उठले. प्राध्यापकबाईंनी त्यांना पट्टे बांधले. घार त्यांच्या शेजारी, पाटाच्या कडेला उभी राहिली. भिंत हलायच्या आधीच मास्तरांनी तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की बोटांचे वळ उठले, आणि तिनं ते सोडवून घेतलं नाही.